माणूस, कुत्रा आणि नमस्कार

दिवाळीनंतरच्या एका सकाळी माजी विद्यार्थी मंडळाचे दोन पदाधिकारी या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन माझ्या घरी आले. फाटकाशीच थबकून त्यांतील एकाने मोठ्याने विचारले, "डॉक्टर, कुत्रा चावत नाही ना?" पशुवैद्य म्हणून हा प्रश्न मी जवळजवळ पन्नास वर्षे ऐकत आलो आहे आणि त्याचे माझे उत्तरही ठरलेले आहे : "तुम्ही आत कसे येता त्यावर ते अवलंबून आहे." पाहुणे हसले, पण पाऊल पुढे टाकीनात. चहा झाल्यावर व्याख्यानाच्या विषयाची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हणालो, "फाटकाशी विचारलात तोच विषय घेऊ या." मी थट्टा करतो आहे असे त्यांना वाटले असावे.

या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर, सीमाप्रश्नावर, मातृभाषेतील शिक्षणावर व्याख्याने झाली आहेत. त्या मालिकेत माणसाने कुत्र्याला आणि कुत्र्याने माणसाला भेटावे कसे, हा विषय किरकोळ वाटेल याची मला कल्पना आहे. परंतु हा विषय माझा नव्हे. ज्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ आपण येथे जमतो, त्यांनीच तो मला दिला. त्या वेळी मी पाचवीत होतो आणि माझ्या डाव्या गालावर पट्टी होती.

ती हकिगत आधी सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन तिच्यावरच उभे आहे. साल १९६१, श्रावणातला पाऊस. आपल्या शाळेच्या शिपायांना आम्ही सारी मुले 'मामा' म्हणत असू. मामांचा मोत्या नावाचा तांबूस रंगाचा गावठी कुत्रा दिवसभर मागच्या व्हरांड्याच्या पायरीशी पडून असे. मी तापाने आठ दिवस शाळेला मुकलो होतो. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत धावतच मागे गेलो. मोत्या पाठमोरा बसून मामांनी टाकलेली भाकरी खात होता. मी मागूनच त्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि त्याच्या डोक्यावर गाल टेकला. तो क्षणभर लाकडासारखा ताठ झाला. मग त्याने तोंड बाजूला वळवले, जीभ ओठांवरून फिरवली. भाकरीची चव असेल, असे मला वाटले. डोळ्याच्या कडेने त्याने माझ्याकडे पाहिले आणि बारीकसा गुरगुरला. मी लाडात येऊन त्याला अधिकच घट्ट आवळले. त्यानंतरचे मला आठवते ते एवढेच, की माझा सदरा लाल झाला होता.

सर सायकलवरून मला दवाखान्यात घेऊन गेले. जाताना त्यांनी मामांना बजावले होते, की मोत्याला दहा दिवस बांधून ठेवा, खायला-प्यायला द्या आणि लक्ष ठेवा. ते परत येईपर्यंत चार मोठ्या माणसांनी काठ्यांनी काम उरकले होते. कुत्राच उरला नाही, तेव्हा तो पिसाळलेला होता की नव्हता हे कळण्याचा मार्गही उरला नाही. आणि म्हणून रोज एक याप्रमाणे चौदा इंजेक्शने मी पोटात घेतली. माझ्या पिढीतील अनेकांना ती सुई अजून आठवत असेल.

त्या दिवसांत सर एकदा घरी आले. सर्वांनी कुत्र्याला दूषणे देऊन झाल्यावर त्यांनी मला विचारले, "मिठी मारण्याआधी तू त्याला विचारलं होतंस का? आणि तो काय म्हणाला?" मी गोंधळून त्यांच्याकडे पाहत राहिलो. प्रश्न तसाच राहिला. पुढे परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेलो तेव्हाही तो माझ्याबरोबर होता.

आता मुद्द्याकडे वळतो. दोन अनोळखी माणसे भेटतात तेव्हा काय करतात? समोरासमोर सरळ चालत येतात, डोळ्याला डोळा भिडवतात, दात दिसतील असे हसतात आणि हात पुढे करतात. जवळीक असेल तर मिठी मारतात. हे सारे आपल्याकडे सौजन्य मानले जाते. कुत्र्यांच्या जगात यांतील प्रत्येक कृती उद्धटपणाची आहे. सरळ रेषेत चाल करून येणे, टक लावून पाहणे, दात दाखवणे, वरून अंगावर वाकणे, मानेवर अवयव टाकणे हे त्यांच्यात आव्हानाचे किंवा दडपणाचे प्रकार होत. म्हणजे आपण अगदी मनापासून प्रेम व्यक्त करीत असतो आणि समोरच्याच्या कानावर शिवी पडत असते.

सभ्य कुत्री एकमेकांना भेटतात ते पाहण्यासारखे असते. ती एकमेकांवर सरळ चालून न जाता किंचित वळसा घेऊन, कमानीसारख्या वाटेने जवळ येतात. वाटेत एखादे थांबून जमीन हुंगते, दुसरे भलतीकडेच पाहते. मग ती बाजूला बाजू लावून उभी राहतात आणि एकमेकांचा मागचा भाग हुंगतात. आपल्याला हे किळसवाणे वाटते. पण गुदद्वाराशी असलेल्या ग्रंथींच्या वासात त्या प्राण्याची ओळख साठवलेली असते. आपण नाव-गाव विचारतो, तसेच ते आहे. कुत्र्याच्या नाकात वास ग्रहण करणाऱ्या पेशी वीस कोटींच्या वर, आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. तेव्हा परिचय नाकाने करून घेणे त्यांना सोयीचे, हे उघड आहे. हा विधी दोन-तीन सेकंदांत आटोपतो आणि दोघे दूर होतात. अंगे सैल असली तर पुढे खेळ, ताठ असली तर आपापली वाट. साखळी ओढून धरलेल्या कुत्र्याला हा वळसा घेता येत नाही, म्हणूनच फिरायला नेलेली शहाणी कुत्रीही रस्त्यात एकमेकांवर तुटून पडताना दिसतात.

या देहबोलीचे पहिले शास्त्रीय वर्णन करण्याचा मान चार्ल्स डार्विनकडे जातो. माणूस आणि प्राणी यांच्या भावना कशा प्रकट होतात यावरील त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक प्रसंग आहे. कोणी अनोळखी माणूस येतो आहे असे वाटून कुत्रा ताठ चालत पुढे जातो. शेपूट उभे, मानेवरचे केस पिंजारलेले, कान पुढे, नजर स्थिर. इतक्यात त्याला कळते, की हा तर आपला धनी! त्या क्षणी प्रत्येक गोष्ट नेमकी उलटी होते : अंग खाली जाते, कमरेपासून लवलव हलू लागते, शेपूट खाली येऊन हलते, कान मागे पडतात, केस बसतात. विरुद्ध भावनेला विरुद्ध हालचाल, असा नियम डार्विनने त्यातून मांडला. कुत्रा 'तू कोण?' असे विचारतो कसा आणि 'ये' असे म्हणतो कसा, हे त्या एका प्रसंगात सापडते.

शेपटीविषयी एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. शेपूट हलते आहे म्हणजे कुत्रा खूश आहे, असे आपण धरून चालतो. शेपूट हलणे म्हणजे मन हललेले असणे, एवढेच खरे. उंच, ताठ शेपटीची भराभर कंपने ही धमकी असू शकते. सैल, रुंद, कमरेसकट हलणारी शेपूट हे स्वागत. इटलीतील बारी येथील संशोधकांनी २००७ साली तीस पाळीव कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की धनी दिसताच शेपूट कुत्र्याच्या उजव्या अंगाकडे अधिक झुकते आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसल्यास डाव्या अंगाकडे. हा फरक त्यांनी चित्रीकरणावरून मोजला. साध्या डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. तुम्ही-आम्ही पाहायचे ते सबंध अंग.

गंमत अशी, की आपल्या मराठी भाषेला हे सारे ठाऊक आहे. शेपूट घालणे, कान टवकारणे, दात विचकणे, गोंडा घोळणे हे वाक्प्रचार ज्यांनी घडवले त्यांनी कुत्र्याकडे नीट पाहिले होते. 'भुंकणारे कुत्रे चावत नाही' ही म्हण मात्र मी दवाखान्यातल्या अनुभवाने बाद ठरवली आहे. भुंकून मग चावलेली कित्येक कुत्री मी पाहिली. दुसरीही एक गोष्ट लक्षात येते. कुत्र्याला हाकलायला आपल्याकडे 'हाड्' आहे, अंगावर सोडायला 'छू' आहे, तुकडा टाकायला बोलावताना 'यू यू' आहे. त्याची विचारपूस करण्याचा एकही शब्द आपण केलेला नाही. शिवी म्हणून कुत्र्याचे नाव आपण घेतो ते तर सोडाच.

आपल्या पुराणांत मात्र या विचारपुशीचा एक फार जुना धडा आहे. महाभारताच्या आदिपर्वात पौष्यपर्वाच्या आरंभी ही कथा येते. कुरुक्षेत्रावर जनमेजय आपल्या भावांसह दीर्घ सत्र करीत असतो. तेथे सरमेचे पिल्लू येते आणि ते तिघे भाऊ त्याला मारहाण करून हाकलतात. रडत आलेल्या पिल्लाला घेऊन देवशुनी सरमा यज्ञमंडपात येते आणि विचारते, की याने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही, मग याला का मारलेत? उत्तर कोणापाशीच नसते. तेव्हा ती शाप देते, की न दिसणारे भय तुमच्यावर येईल. युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आपल्याला पाठ असतो. ग्रंथाच्या पहिल्याच पर्वात उभी राहून प्रश्न विचारणारी ही आई आपण विसरतो.

मोत्याकडे परत येतो. तो जे बोलला ते मला वाचता आले नाही, म्हणून सरांच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. आज देता येईल. तो ताठ झाला, ते त्याचे पहिले वाक्य होते : मला हे नको आहे. तोंड फिरवले, ते दुसरे : मला भांडायचे नाही, तू दूर हो. ओठांवरून जीभ फिरवली, ती भाकरीसाठी नव्हती. अस्वस्थ कुत्रा तसे करतो. झोप आलेली नसता जांभई देणे, एक पुढचा पाय उचलून धरणे, अंग ओले नसता झाडणे हीही त्याच भाषेतली अक्षरे. डोळ्याचा पांढरा भाग कोयरीसारखा दिसू लागतो तेव्हा ताण वाढलेला असतो. नॉर्वेच्या तुरिद रुगोस यांनी अशा खुणांना 'शांत करणाऱ्या खुणा' असे नाव दिले आणि त्यांच्या छोट्या पुस्तकामुळे त्या जगभर परिचित झाल्या. मोत्याची शेवटची पायरी म्हणजे गुरगुरणे. पुष्कळ लोक कुत्रा गुरगुरला की त्याला फटका मारतात. माझी सर्वांना विनंती आहे, की हे करू नका. गुरगुरणे ही त्याने दिलेली सवलत आहे. ती आपण मारून बंद केली, तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो, आणि मग आपणच म्हणतो, की कुत्र्याचा भरवसा नाही. मोत्याने मला चार वेळा सांगितले. पाचव्यांदा त्याने माझा गाल धरला, आणि तोही लगेच सोडला. नाहीतर आज मला एवढे बोलता आले नसते.

तर मग भेटावे कसे? मी येथे हात जोडून नमस्कार करतो, त्याकडे पाहा. हस्तांदोलनाच्या तुलनेत आपला नमस्कार कुत्र्यांच्या शिष्टाचाराला कितीतरी जवळचा आहे. त्यात अंतर राखलेले असते, स्पर्श नसतो, नजर किंचित खाली जाते आणि पुढे यायचे की नाही हे समोरच्यावर सोडलेले असते. कुत्र्यासमोर हात जोडावेत असे मी म्हणत नाही. पण मनात नमस्काराचे ते अंतर ठेवावे.

कुत्रा कोणाचा असेल तर आधी धन्याला विचारावे. त्याने हो म्हटले तरी ते अर्धेच संमतिपत्र. उरलेले अर्धे कुत्र्याकडून मिळवायचे असते. चार-पाच पावलांवर थांबावे. छाती त्याच्याकडे न करता थोडे तिरके उभे राहावे किंवा बाजूला तोंड करून बसावे. त्याच्याकडे ओझरते पाहावे, टक लावू नये, हलक्या आवाजात दोन शब्द बोलावे. मग थांबावे. खरा नमस्कार या थांबण्यातच आहे आणि लोकांना नेमके हेच जमत नाही. हाताचा वास देण्यासाठी मूठ त्याच्या नाकाशी नेण्याची पद्धत पूर्वी आम्हीही सांगत असू. आता मी ती सांगत नाही. त्याला तुमचा वास फाटकापासूनच आलेला असतो. हात आपल्या अंगाशी सैल सोडावा. हवे असेल तर तो येऊन हुंगेल. आला, अंग सैल असले, हुंगून तेथेच रेंगाळला, तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला हलकेच कुरवाळावे. डोक्यावर वरून थोपटू नये. उतरणारा हात त्याला दिसतो तो मारण्यासाठी उठलेल्या हातासारखाच. तीन सेकंद कुरवाळून हात काढून घ्यावा आणि पाहावे. त्याने नाक खुपसले, अंग टेकले, तर तो 'आणखी' म्हणतो आहे. तोंड वळवले, ओठ चाटले, नुसताच उभा राहिला, तर भेट संपली. यात अपमान मानण्यासारखे काही नाही.

घरच्या माणसाची गोष्ट वेगळी. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले, की कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यात जे द्रव्य काम करते तेच हे. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत तसे आढळले नाही. तेव्हा जी नजर परक्याने लावली असता धमकी ठरते, तीच आपल्या माणसाने लावली असता माया होते. तरीही जेवणारा, झोपलेला, आजारी कुत्रा आणि पिल्लांजवळची कुत्री यांना घरच्या माणसानेही त्रास देऊ नये. मुलांना चावणारा कुत्रा बहुधा ओळखीचाच असतो, आणि मुलांची उंची त्याच्या तोंडाइतकीच असल्याने जखम चेहऱ्यावर होते. माझा गाल हा त्याचा पुरावा आहे.

शिष्टाचार एकतर्फी नसतो. कुत्र्यालाही माणसाला भेटण्याचे वळण हवे आणि ते लावण्याची जबाबदारी धन्याची. पाहुणा आला की अंगावर उड्या मारणारा कुत्रा वाह्यात नसतो. जंगलातली पिल्ले परतलेल्या आईच्या तोंडाशी झेप घेऊन तिच्याकडून खाणे मागतात. तीच बाळसवय तो आपल्या तोंडाशी आणतो. त्याला रागावून, ढकलून उपयोग होत नाही, कारण ढकलणेही त्याला खेळ वाटतो. पाठ फिरवावी, चारही पाय जमिनीवर आले की मगच शांतपणे बोलावे. घरातल्या सर्वांनी हे पाळले तर काही आठवड्यांत सवय जाते. पण एका काकांनी लाड केले की सगळे पाणी फेरते! "काही करत नाही हो तो" असे म्हणत कुत्रा पाहुण्याच्या अंगावर येऊ देणारे यजमान मला कुत्र्यापेक्षा अधिक धोकादायक वाटतात. कोणाला भीती असते, कोणाला सोवळ्याची किंवा धर्माची अडचण असते, कोणाचे गुडघे नाजूक असतात. पाहुणा बसेपर्यंत कुत्रा धरून ठेवणे हे यजमानाचे कर्तव्य आहे.

शिवाय प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव निराळा. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा कुत्रा घ्या. ससा नजरेने टिपून वाऱ्यासारखा धावणारा हा शिकारी. २००५ साली टपाल खात्याने ज्या चार भारतीय जातींची तिकिटे काढली त्यांत हाही होता. त्याला परक्याचा हात आवडत नाही. तो तुमच्याकडे न पाहता शांत उभा राहील. त्याने गोंडा घोळावा अशी अपेक्षा करणेच चुकीचे.

आता रस्त्यावरचे कुत्रे. २०२५ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गाजला आणि घराघरांत त्यावरून दोन पक्ष पडले. त्या वादात मी शिरत नाही. कुत्री रस्त्यावर असोत वा नसोत, समोर आले तर काय करायचे हे शाळेतल्या मुलाला कळलेच पाहिजे. त्यांना बुद्धी नाही, असे समजू नये. कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्याच कुत्र्यांचा अभ्यास केला आहे. माणूस मित्रभावाने वागतो आहे की धमकावतो आहे हे ओळखून ती आपले वागणे बदलतात, माणसाने बोटाने दाखवलेली दिशा समजून घेतात, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका निबंधानुसार अनोळखी माणसावर विश्वास बसण्यास खाद्याच्या तुकड्यापेक्षा प्रेमाने कुरवाळण्याचा उपयोग अधिक होतो. तरीही अनोळखी भटक्या कुत्र्याला उठून कुरवाळू नये. त्याची लस झाली आहे की नाही, ते आपल्याला ठाऊक नसते. कानाला खाच असेल तर नसबंदी करून, लस टोचून परत सोडलेला कुत्रा, एवढे समजावे. ती लस आजही लागू आहे याची ती खूण नव्हे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा सर्वोत्तम आदर म्हणजे त्यांना आपल्या वाटेने जाऊ देणे आणि आपण आपल्या वाटेने जाणे. अंगावर धावून आला तर पळू नये. पळणाऱ्याच्या मागे लागणे हा त्याचा जन्मजात गुण आहे. हात अंगाशी धरून, नजर जमिनीकडे लावून झाडासारखे उभे राहावे. बहुतेक वेळा तो हुंगून निघून जातो. मग पाठ न फिरवता सावकाश बाजूला सरकावे. खाली पडलाच, तर गुडघे पोटाशी घेऊन मान आणि कान हातांनी झाकावेत. दुचाकीमागे लागला तर वेग वाढवू नये, कमी करावा. पाठलागातली मजाच जाते. अपघात चावण्याने होत नाहीत तेवढे घाबरून गाडी पळवण्याने होतात, असे माझे निरीक्षण आहे.

टपालवाल्यावर कुत्रे का भुंकते, हेही अनेक जण विचारतात. कुत्र्याच्या बाजूने विचार करा. रोज एक माणूस येतो, आपण भुंकतो, तो निघून जातो. म्हणजे भुंकणे यशस्वी झाले! रोज यश मिळणारा उद्योग कोण सोडेल? त्यात कुत्र्याची नजर आपल्याइतकी बारीक नाही. आकार आणि चाल यांवरून तो माणूस ओळखतो. आपल्या बेळगावच्या पावसात खोळ पांघरलेला, छत्री उघडलेला किंवा हेल्मेट घातलेला ओळखीचा माणूसही त्याला भूत वाटतो. अशा वेळी नाव घेऊन दोन शब्द बोलावे; आवाज ऐकताच डार्विनने वर्णिलेला तो पालट डोळ्यांसमोर होतो.

एका बाबतीत सौजन्य कामाला येत नाही. तोल जाणारा, लाळ गाळणारा, जबडा लोंबलेला, आवाज बदललेला किंवा कारण नसता अंगचटीला येणारा कुत्रा दिसला तर दूर राहावे आणि मोठ्यांना कळवावे. चावलाच, तर हळद, चुना, मिरची यांपैकी काही लावू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आमच्या वेळची मेंदूच्या पेशींपासून केलेली लस २००४-०५ च्या सुमारास आपल्या देशातून गेली; आता दंडावर मोजकी इंजेक्शने पुरतात आणि रक्त आलेल्या जखमेत प्रतिविषासारखे द्रव्यही भरतात. कुत्रा दहा दिवस निरोगी राहिला तर डॉक्टर उरलेला क्रम थांबवू शकतात. परंतु त्यासाठी तो जिवंत असावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२२-२३ मधील पाहणीवरून काढलेल्या अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात, त्यांत तीन-चतुर्थांश कुत्री, आणि रेबीजने सुमारे ५ हजार ७०० माणसे दगावतात. लक्षणे दिसल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. शेजारच्या गोव्यात २०१३ पासून कुत्र्यांना मोठ्या प्रमाणावर लस टोचण्यात आली आणि त्याबरोबर शाळाशाळांतून मुलांना कुत्र्याशी कसे वागावे हेही शिकवले गेले. २०२१ मध्ये तेथील सरकारने सांगितले, की मागील तीन वर्षांत राज्यात माणसाला रेबीज झालेला नाही. आपल्या शाळेतही हा तास व्हावा, असे मी मुख्याध्यापकांना सुचवले आहे.

मामांविषयी सांगायचे राहिले. नोकरी लागल्यावर, १९७६ साली, मी त्यांच्या घरी गेलो. ते निवृत्त झाले होते. मोत्यानंतर त्यांनी कुत्रा पाळला नव्हता. मी त्यांना सगळे सांगितले : ताठ होणे, तोंड वळवणे, जीभ, गुरगुर. चूक माझी होती, असे म्हणालो. मामा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मला ठाऊक होतं रे बाळा. पण तुझ्या गालाला टाके पडलेले, तुला काय सांगणार?" थोड्या वेळाने त्यांनी अंगणाकडे बोट केले. गल्लीतले एक तांबूस पिल्लू तुळशीपाशी घोटाळत होते. "डॉक्टर झालास ना? मग त्याला कसं भेटायचं ते दाखव बघू," असे म्हणून ते चहा टाकायला आत गेले.

मी पायरीवर बाजूला तोंड करून बसलो, हात सैल सोडला आणि वाट पाहू लागलो. पिल्लू दोन पावले पुढे आले, थांबले, जमीन हुंगली, एक जांभई दिली. मामा कपबशा घेऊन बाहेर आले तरी ते तेथेच होते. मी चहा घेतला, मामांच्या पाया पडलो आणि पिल्लाला वळसा घालून फाटकाबाहेर पडलो.